कोल्हापूर ते दिब्रुगड: २४४६ किलोमीटर आणि त्यामागचा हिशोब

उजळाईवाडीच्या धावपट्टीपासून आसामातल्या मोहनबारीच्या धावपट्टीपर्यंत जमिनीवरून सरळ रेघ ओढली तर ती २४४६ किलोमीटर भरते. उजळाईवाडी म्हणजे कोल्हापूरचा छत्रपती राजाराम महाराज विमानतळ आणि मोहनबारी म्हणजे दिब्रुगडचा. दोन्ही विमानतळ लहान गटातले आणि त्यांच्यामध्ये थेट विमान नाही. तरीही कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या पुष्कळ घरांना ही वाट माहीत करून घ्यावी लागते, कारण पोरगा फौजेत असतो आणि पोस्टिंग अप्पर आसामात किंवा त्याच्या पलीकडे अरुणाचलात निघते. मोजून मिळालेल्या सुट्टीतला एक दिवस जाताना आणि एक येताना वाया गेला तर ते दोन दिवस घरातून वजा होतात. म्हणून हा हिशोब नीट मांडायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी अंतर. हे कुणाच्या सांगण्यावर सोडायची गरज नाही, फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर निघतं. कोल्हापूर विमानतळ १६.६६ अंश उत्तर, ७४.२९ अंश पूर्व. दिब्रुगड विमानतळ २७.४८ अंश उत्तर, ९५.०२ अंश पूर्व. अक्षांशांचा फरक १०.८२ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की उत्तर-दक्षिण अंतर १२०३ किलोमीटर येतं. रेखांशांचा फरक २०.७३ अंश, पण इथे थेट १११.२ ने गुणायचं नाही. विषुववृत्तापासून वर जाऊ तशा रेखांशाच्या रेघा एकमेकींजवळ येत जातात, म्हणून मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. मधला अक्षांश २२.०७, त्याचा कोसाइन ०.९२७. म्हणजे २०.७३ गुणिले १११.२ गुणिले ०.९२७, बरोबर २१३७ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा, म्हणजे दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर २४५२. गोलाचं पुरं सूत्र वापरून २४४६ येतात. सहा किलोमीटरचा फरक प्रवाशाच्या कामापुरता काहीच नाही.

चुका नेमक्या तीन ठिकाणी होतात. कोसाइन विसरला तर उत्तर २६०० येतं, म्हणजे दीडशे किलोमीटर फुकटचे वाढतात. दुसरी चूक अंश-कला लिहिण्याची. २७ अंश २९ कला म्हणजे २७.२९ नव्हे, २९ भागिले ६० करून ते २७.४८ होतात. ही चूक केली तर दिब्रुगड एकवीस किलोमीटर दक्षिणेला सरकतं. तिसरी सगळ्यात फसवी: कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या मापावर, राहिलेला असतो. तेव्हा २२.०७ चा कोसाइन उणे ०.९९७ दाखवतो. पुढे वर्ग करताना उणे चिन्ह गडप होतं आणि उत्तर २५९४ येतं, जे दिसायला अगदी खरं वाटतं. कोसाइनपुढे उणे चिन्ह दिसलं की तिथेच थांबून मोड अंशावर आणायचा.

ज्यांना पुरं सूत्र स्प्रेडशीटमध्ये बसवायचं आहे त्यांच्यासाठी: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवा, आलेल्या संख्येचा उलटा कोसाइन रेडियनमध्ये काढा आणि ६३७१ ने गुणा. विमानवाल्यांच्या मापात हे १३२१ नॉटिकल मैल होतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. सपाट नकाशावर कायम एकच दिशा धरून गेलं तर अंतर २४४८ किलोमीटर येतं. म्हणजे आपल्या अक्षांशांवर, एवढ्या टप्प्यासाठी, पृथ्वीच्या गोलाईने वाचतात ते जेमतेम दोन किलोमीटर. ‘विमान वळसा घेऊन उत्तरेकडून जातं आणि वाट कमी होते’ हे मुंबई-न्यूयॉर्कला खरं आहे, इथे नाही.

ही रेघ नकाशावर पाहण्यासारखी आहे. कोल्हापुरातून ती ५७ अंशांवर, म्हणजे ईशान्येपेक्षा थोडी पूर्वेकडे झुकून निघते. निम्मी वाट ओडिशाच्या उत्तर टोकाला सुंदरगडच्या आसपास संपते. पुढे बंगाल, मग बांगलादेशाचा उत्तर भाग, गारो टेकड्या. गुवाहाटी विमानतळाच्या दक्षिणेला ती फक्त अकरा-बारा किलोमीटरवरून जाते. हैदराबाद आणि कोलकाता हे दोघेही या रेघेच्या दक्षिणेला साधारण १८० किलोमीटरवर आहेत.

या शेवटच्या गोष्टीत या प्रवासाची किल्ली आहे. कोल्हापूर-हैदराबाद ४४५ किलोमीटर, हैदराबाद-कोलकाता १२०७, कोलकाता-दिब्रुगड ८५२. बेरीज २५०४. सरळ रेघेपेक्षा फक्त ५८ किलोमीटर जास्त! हैदराबादहून गुवाहाटी गाठली आणि तिथून दिब्रुगड, तर बेरीज २४९५. वाटेच्या बाजूला एकशे ऐंशी किलोमीटर असलेलं गाव गाठताना फार वाकडं जावं लागेल असं वाटतं, पण टप्पा लांब असला की असं वाकणं फार महाग पडत नाही. महाग पडतं ते उलट्या दिशेला जाणं. कोल्हापूरहून मुंबई ३०९, मुंबई-दिल्ली ११३८, दिल्ली-दिब्रुगड १७६१. बेरीज ३२०८, म्हणजे ७६२ किलोमीटर जादा. बंगळूर-गुवाहाटी मार्गाने २९४५. तरीही तिकीट शोधताना मुंबई-दिल्लीची वाट पुष्कळदा वर दिसते, कारण त्या मार्गावर विमानं जास्त, वेळा जुळतात आणि भाडंही कधी कधी कमी असतं. अंतर कमी म्हणजे तिकीट स्वस्त असा नियम विमानप्रवासात नाही.

आता वेळ. वेळापत्रकात जो आकडा असतो तो हवेतला वेळ नसतो. तो ब्लॉक टाइम असतो: चाकांखालचे अडकण काढून विमान जागेवरून हललं तिथपासून, उतरून पुन्हा जागेवर उभं राहिलं तिथपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, चढणं, उतरण्यासाठी घेतलेला फेरा, सगळं आलं. जेट विमानासाठी माझा ठोकताळा असा: किलोमीटर भागिले ८०० आणि वर ३५ मिनिटं. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानासाठी भागिले ४८० आणि वर २५ मिनिटं. एअरबस ३२० चा वरचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या घरात असतो, एटीआर ७२ चा ५१० च्या. भागाकाराला थोडा कमी वेग घेतला आहे कारण हवाई मार्ग कधीच पूर्ण सरळ नसतात.

या हिशोबाने कोल्हापूर-हैदराबाद एटीआरने १ तास २० मिनिटं. हैदराबाद-कोलकाता २ तास ५ मिनिटं. कोलकाता-दिब्रुगड १ तास ४० मिनिटं. एकूण ५ तास ५ मिनिटं. मुंबई-दिल्ली मार्गाने सहा तास. आणि उद्या कुणी कोल्हापुरातून थेट जेट सोडलंच तर ३ तास ४० मिनिटं.

तसं ते का सोडत नाहीत, हेही सांगायला हवं. प्रवासी रोज पुरेसे नाहीत हे पहिलं कारण. दुसरं कारण विमान आणि धावपट्टीचं. एटीआर ७२ पूर्ण भरून साधारण १४०० किलोमीटर जातं. २४४६ त्याच्या आवाक्याबाहेर आहे. मोठ्या जेटला कोल्हापुरात दोन अडचणी. धावपट्टी पूर्वी १३७० मीटर होती, ती वाढवून १९३० मीटर केली. मोठ्या शहरांतल्या मुख्य धावपट्ट्या तीन हजारांच्या पुढे असतात. शिवाय उंची. कोल्हापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून ६०९ मीटरवर, म्हणजे जवळपास दोन हजार फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर गेला की फरक २७ अंशांचा. दर अंशाला १२० फूट या नियमाने सव्वातीन हजार फूट आणखी वाढले. म्हणजे विमानाच्या पंखांच्या आणि इंजिनच्या दृष्टीने ती धावपट्टी सव्वापाच हजार फुटांवर आहे. हवा विरळ, उड्डाणाला जास्त धाव लागते, पण धावपट्टी तर तेवढीच. मग वजन कमी करावं लागतं, आणि लांबच्या पल्ल्याला इंधन कमी करता येत नाही म्हणून माणसं किंवा सामान कमी होतं. मोहनबारीत ही भानगड नाही. ती फक्त ११० मीटर उंचीवर आहे. दुसऱ्या महायुद्धात चीनकडे रसद नेणारी अवजड विमानं तिथून पूर्वेचे डोंगर ओलांडायची.

वाऱ्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. डिसेंबर ते मार्च या काळात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा झोत असतो. त्याचा गाभा साधारण २५ ते ३० उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात, म्हणजे दिल्ली-दिब्रुगड या आडव्या वाटेच्या अगदी डोक्यावर. विमानाचा हवेतला वेग ४५० नॉट (म्हणजे ताशी ४५० नॉटिकल मैल) आणि पाठीमागून ८० नॉट वारा धरला तर जमिनीवरचा वेग ५३० नॉट, म्हणजे ताशी ९८१ किलोमीटर. १७६१ किलोमीटर १ तास ४८ मिनिटांत. परत येताना तोच वारा तोंडावर: ३७० नॉट, ताशी ६८५ किलोमीटर, २ तास ३४ मिनिटं. या एकाच टप्प्यात ४६ मिनिटांचा फरक पडला. कोलकाता-दिब्रुगड वाट तिरकी आहे, टप्पाही लहान, म्हणून तिथे फरक पंधराएक मिनिटांचा. हिवाळ्यात दिब्रुगडहून दिल्लीमार्गे परतताना पुढचं विमान घट्ट वेळेत धरलं असेल, तर जातानाचा अनुभव धरून चालू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये चित्र फिरतं. पश्चिमेचा झोत हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर उंचावर पूर्वेकडून येणारा झोत बसतो. तेव्हा हैदराबादहून कोलकात्याला जाताना वारा समोरून लागतो आणि परतताना मदत करतो. हा झोत जास्त करून विमानाच्या नेहमीच्या उंचीच्याही वर असतो, म्हणून परिणाम हिवाळ्याइतका मोठा नाही. कोल्हापूर-हैदराबाद टप्प्यावर एटीआर पाच-सहा किलोमीटर उंचीवरूनच जातं. तिथे या झोतांचा फारसा संबंध येत नाही.

एक गोष्ट थोडी बाजूची, पण सांगतो. कोलकाता-दिब्रुगड हे ८५२ किलोमीटर बांगलादेशाच्या आकाशातून जातात. तो मार्ग सोडून सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीवरून, म्हणजे बागडोगऱ्यावरून वळायचं ठरवलं तर १११६ किलोमीटर होतात, सुमारे २६५ जास्त. रेल्वेला आणि रस्त्याला तोच वळसा घ्यावा लागतो. ईशान्येला विमानाने जाणं आणि गाडीने जाणं यांतला फरक इतर कुठल्याही भागापेक्षा एवढा मोठा का, त्याचं एक कारण हे.

आता खरा प्रश्न. विमानात पाच तास, तर घरून निघून मुक्कामी पोचायला बारा-चौदा तास का लागतात? कारण तीन टप्प्यांतला सगळ्यात बारीक दोरा कोल्हापूरचा आहे. कोलकाता-दिब्रुगडला दिवसात पर्याय मिळतात, हैदराबाद-कोलकात्याला आणखी जास्त. कोल्हापुरातून एका ठिकाणी दिवसाला एखादंच विमान, आणि काही मार्गांवर रोज नसतंच. म्हणून तिकिटाचा आराखडा कोल्हापूरच्या विमानापासून बांधायचा. जाताना कोल्हापूरचं विमान ठरवा आणि पुढची त्याला जोडा. येताना आधी कोल्हापूरला येणारं विमान पाहा आणि तिथून मागे मोजत दिब्रुगडपर्यंत जा. बहुतेक जण येताना दिब्रुगडचं सोयीचं विमान आधी धरतात आणि मग हैदराबादेत अख्खी रात्र काढावी लागते.

लहान विमानतळावरचे मार्ग येतात-जातात, यामागेही कारण आहे. लहान विमानतळ जोडण्यासाठीच्या सरकारी उडान योजनेत निवडलेल्या मार्गावर रिकाम्या खुर्च्यांची तूट भरून देणारं अनुदान आणि त्या मार्गाचा एकट्याचा हक्क तीन वर्षांसाठी असतो. मुदत संपली की मार्ग आपल्या पायावर उभा राहतो किंवा बंद पडतो. शिवाय विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट ऑगस्टात काढलं असेल तर ऑक्टोबर उजाडला की वेळा पुन्हा तपासा. पहिलं विमान वीस मिनिटं उशिरा आणि दुसरं पंधरा मिनिटं लवकर सरकलं, तरी जोडणी तुटू शकते. कंपनीचा मेसेज येतो, पण तो तिकीट काढून देणाऱ्या एजंटच्या नंबरवर गेलेला असतो. तिकिटावर प्रवाशाचाच नंबर टाकायला सांगा.

तिन्ही टप्पे शक्यतो एकाच पीएनआरवर घ्या. एका पीएनआरवर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम असतं आणि बॅगही थेट दिब्रुगडपर्यंत जाते. कोल्हापुरात बॅगेला चिकटवलेल्या पट्टीवर शेवटचं नाव डीआयबी, म्हणजे दिब्रुगडचा कोड, आहे का, हे काउंटर सोडण्याआधी डोळ्यांनी पाहा. तिथे एचवायडी (हैदराबाद) किंवा सीसीयू (कोलकाता) दिसलं तर बॅग तिथे पट्ट्यावर उतरेल आणि ती घेऊन पुन्हा बाहेरून रांगेत यावं लागेल. वेगवेगळ्या पीएनआरवर काढलेलं तिकीट हजार-दोन हजारांनी स्वस्त दिसतं, पण पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसऱ्या कंपनीवर येत नाही. तिच्या नोंदीत तुम्ही फक्त ‘आलेच नाहीत’.

किती वेळ मध्ये ठेवायचा? बहुतेक कंपन्या देशांतर्गत प्रवासात बॅग घेणं उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद करतात आणि गेट २५ मिनिटं आधी. एकाच पीएनआरवर, एकाच टर्मिनलमध्ये, दीड तास मला पुरेसा वाटतो. वेगळे पीएनआर असतील तर तीन तासांच्या खाली जाऊ नये: उतरणं आणि बॅग पट्ट्यावर येणं यात पाऊण तास, बाहेर पडून पुन्हा आत येऊन बॅग देणं पाऊण तास, त्यात बॅग घेणं बंद होतं ती साठ मिनिटं मिळवली की अडीच तास इथेच संपले. हैदराबाद आणि कोलकाता इथे एकच टर्मिनल आहे, हा या मार्गाचा मोठा गुण. मुंबईत टर्मिनल एक आणि दोन यांच्यात रस्त्याने जावं लागतं, दिल्लीत एक आणि तीन यांच्यातही. तिथे आणखी तासभर वाढवा.

उशीर झाल्यावर काय मागता येतं, हे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमात लिहिलेलं आहे. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या विमानाला दोन तास उशीर झाला, अडीच ते पाच तासांच्या विमानाला तीन तास झाला, की जेवण-चहा कंपनीने द्यायचा. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड प्रवाशाची. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर असेल तर राहण्याची सोय. खराब हवामानासारख्या कारणाला नुकसानभरपाई मिळत नाही. काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा नियमाचं नाव घेऊन शांतपणे मागितलेलं लवकर मिळतं.

हवामानाचे धोके तीन ऋतूंत तीन ठिकाणी आहेत. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत धुकं, दिल्लीत सर्वांत वाईट आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातही सकाळी. लहान विमानतळांना उतरण्यासाठी दृश्यता जास्त लागते. शिवाय दिब्रुगडला जाणारं विमान तिथूनच परत फिरतं, त्यामुळे सकाळचा उशीर दिवसभर पुढे ढकलला जातो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर बंगालात कालबैसाखी उठते. आपल्याकडच्या वळवाचीच ती थोरली बहीण. कोल्हापुरातही त्याच महिन्यांत, त्याच सुमारास वळीव. या दोन महिन्यांत तिन्ही टप्पे जमतील तेवढे दुपारी तीनच्या आत उरकावेत. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ढगाचा तळ खाली येतो. तेव्हा उजळाईवाडीचं विमान रद्द होण्याची किंवा फिरून जाण्याची शक्यता धरूनच बेत करा.

म्हणूनच पावसाळ्यात, किंवा सोबत म्हातारं माणूस आणि भरपूर सामान असेल तेव्हा, मी पुण्याचा पर्याय सुचवतो. कोल्हापूर-पुणे रस्त्याने २३० किलोमीटर, साडेचार ते पाच तास. पुणे-कोलकाता १५७७ किलोमीटर, अडीच तास आणि थोडं वर. मग कोलकाता-दिब्रुगड. वेळ जवळपास तेवढाच लागतो, पण विमान एकदाच बदलायचं असतं आणि एक जोडणी कमी म्हणजे तुटण्याची एक जागा कमी. कोल्हापूरचं विमान आणि हैदराबादेतला थांबा दीड-दोन तासांत नीट जुळत असेल, तरच कोल्हापूरहून उडणं फायद्याचं.

एटीआरमध्ये बसताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दार मागे असतं, डाव्या बाजूला, आणि दाराला जोडलेल्या पाच-सहा पायऱ्या खाली टेकतात. म्हणजे मागच्या रांगेतला माणूस आधी उतरतो. पुढचं विमान घाईचं असेल तर एटीआरमध्ये शेवटच्या रांगा घ्या आणि एअरबसमध्ये पहिल्या. दुसरं, वरचा कप्पा उथळ असतो. चाकांची ट्रॉली त्यात पुष्कळदा शिरत नाही, मग ती पायऱ्यांपाशीच काढून घेऊन सामानात ठेवतात. औषधं, कागदपत्रं, पॉवर बँक आधीच खांद्याच्या पिशवीत असू द्या. पॉवर बँक सामानाच्या कप्प्यात चालत नाही.

आणि पोराला न्यायचा डबा. कांदा-लसूण चटणी हातातल्या बॅगेत अडवतात, ती चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत बांधून. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठल्याच बॅगेत घालू नका. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेटू शकतं म्हणून त्यावर बंदी आहे, आणि स्कॅनरवर वाटीचा आकार लगेच ओळखू येतो. बॅग अडकली की जोडणीचा वेळ तिथेच जातो.

खिडकी हवी असेल तर जाताना डावी. हिवाळ्याच्या स्वच्छ सकाळी कोलकात्याहून दिब्रुगडकडे जाताना डावीकडे लांबवर हिमालयाची पांढरी रांग दिसते आणि उतरताना ब्रह्मपुत्रेच्या वाळूच्या बेटांमधून फुटलेल्या धारा.

पोचण्याची वेळ ठरवताना घड्याळापेक्षा सूर्य पाहा. दोन्ही गावांचं घड्याळ एकच, पण रेखांशात २०.७३ अंशांचा फरक आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने दिब्रुगड कोल्हापूरच्या ८३ मिनिटं पुढे आहे. त्यात हिवाळ्यात उत्तरेचा दिवस लहान. डिसेंबरात कोल्हापुरात सहाला सूर्य मावळतो तेव्हा दिब्रुगडात काळोख पडून तास उलटलेला असतो. तिथे साडेचारच्या आत सूर्य जातो. चहाच्या मळ्यांमध्ये याच कारणाने ‘बागान टाइम’ चालतो, आपल्या घड्याळाच्या एक तास पुढे. मळ्यात कुणी सकाळी आठला भेटायला बोलावलं तर कुठले आठ, ते विचारून घ्या. मोहनबारीहून शहर पंधराएक किलोमीटरवर आहे, पण पुढे तिनसुकिया किंवा बोगीबील पूल ओलांडून अरुणाचलाकडे जायचं असेल, तर विमान दुपारी एकपर्यंत टेकेल असं पाहा. हिवाळ्यात चार वाजता उतरलात तर बॅग हातात येईपर्यंत अंधार झालेला असतो, आणि त्या दिवशीचा मुक्काम दिब्रुगडातच धरावा.